जुनी आरएक्स-८ रोजच्या वापरासाठी घ्यावी का? रोटरी इंजिनाच्या गाडीविषयी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स येथे राहतो. सध्याची डिझेल हॅचबॅक विकून माझ्दा आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची (म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारी) गाडी घ्यावी, असा विचार गेले काही महिने मनात घोळत आहे. आमच्या घरात एकच गाडी असते, त्यामुळे ही गाडी रविवारी पुसून पुन्हा झाकून ठेवण्यासाठी नसून रोज चालवण्यासाठी असेल. ऑफिस घरापासून जेमतेम तीन मैलांवर आहे. आठवड्यातून दोनदा कामासाठी एम-१ वरून लेस्टरला जावे लागते आणि मागच्या आसनावर चार वर्षांच्या मुलीची खुर्ची बसवावी लागते.

एक गाडी पाहून ठेवली आहे. २००७ ची नोंदणी, २३१ अश्वशक्तीचे सहा गिअरचे मॉडेल, ६८ हजार मैल चाललेली, आणि किंमत एखाद्या जुन्या फिएस्टाएवढी. विक्रेता म्हणतो की इंजिन उत्तम आहे, केवळ बाळ होणार असल्यामुळे गाडी विकत आहे. दुसरीकडे ज्या मेकॅनिकला विचारावे तो आधी हसतो आणि मग 'त्या इंजिनाला हात लावत नाही' असे सांगतो. हे इंजिन खरोखर इतके नाजूक आहे, की लोकांनी ते चुकीच्या पद्धतीने वापरले म्हणून बदनाम झाले, हे अनुभवी सभासदांकडून समजून घ्यायचे आहे.

लोहारगल्ली

मी वुल्व्हरहॅम्प्टनला राहतो आणि २००५ ची २३१ बरीच वर्षे चालवत आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर गाडीपेक्षा तुमच्या त्या तीन मैलांत दडलेले आहे. लेस्टरचा प्रवास या इंजिनाला मानवतो. ऑफिसचा प्रवास मात्र त्याला हळूहळू मारतो. तीन मैलांत इंजिनातले पाणी जेमतेम गरम होते आणि ऑइल तर कोमटच राहते. थंड इंजिनाला संगणक जादा पेट्रोल देत असतो. ते पेट्रोल रोटरच्या कडांवरील ऑइल धुऊन काढते, आणि इंजिन पुरेसे तापायच्या आत तुम्ही चावी फिरवून ते बंद करता. हे रोज दोनदा घडले, तर दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेशन, म्हणजे आतले मिश्रण दाबून धरण्याची इंजिनाची ताकद, ढासळलेले दिसेल आणि मग दोष कंपनीला दिला जाईल.

याच कारणामुळे गाडी 'फ्लड' होते. अंगणातून गाडी बाहेर काढली, दहा मीटर पुढे लावली आणि लगेच बंद केली, एवढे पुरते. पुढच्या वेळी स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारायचा असतो, कारण त्या स्थितीत संगणक पेट्रोल तोडतो आणि आतले साचलेले पेट्रोल बाहेर फेकले जाते. तेवढ्याने जमले नाही तर प्लग काढून कोरडे करावे लागतात. म्हणून थंड गाडी कधीही क्षणभरासाठी सुरू करू नये. सुरू केलीच तर काटा मध्यावर येईपर्यंत बंद करू नये. घरातल्या प्रत्येकाला हा नियम पाठ हवा. गाडी धुणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा, कारण ही गाडी बहुतेक वेळा मालकाच्या हातून नव्हे तर दुसऱ्याच्या हातून फ्लड होते.

ऑइलविषयी थोडे सविस्तर सांगतो. हे इंजिन ऑइल जाळते आणि तसे करण्यासाठीच ते बनवलेले आहे. एक छोटा पंप मुद्दाम ऑइलचे थेंब ज्वलनकक्षात सोडतो, कारण रोटरच्या टोकांवरील सीलना, म्हणजे वायू अडवणाऱ्या पट्ट्यांना, दुसरे वंगण नसते. त्यामुळे दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहणे हा शिस्तीचा भाग आहे. माझ्या डिकीत ऑइलची बाटली कायम असते. काही जण याशिवाय पेट्रोलच्या टाकीत लिटरमागे चार-पाच मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. मीही मिसळतो, पण त्यावाचून गाडी चालत नाही असे म्हणणार नाही.

इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग, मात्र गांभीर्याने घ्या. चार प्लगसाठी चार कॉइल आहेत आणि साधारण तीस हजार मैलांत त्या अशक्त होतात. गाडी चालत राहते, फक्त थोडी मंद वाटते. पण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, कन्व्हर्टर आतून वितळून तुंबतो, एक्झॉस्टची उष्णता मागे साचते आणि शेवटी सील जातात. शंभर-दीडशे पौंडांच्या कॉइल टाळल्या म्हणून इंजिन गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. प्लग बदलताना लीडिंग (आधी पेटणारा) आणि ट्रेलिंग (नंतर पेटणारा) यांची अदलाबदल होऊ देऊ नका. ते वेगवेगळ्या प्रकारचे असतात.

अणूरेणू

मी पुण्यात इंजिन विकासाच्या क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो आहे. रोटरीवर प्रत्यक्ष काम केलेले नाही, पण अभ्यास बराच केला आहे, त्यामुळे 'असे का' एवढ्यापुरते लिहितो.

पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर गोल असतो आणि पिस्टनच्या रिंगा त्याला पूर्ण वर्तुळात टेकतात. रोटरीत त्रिकोणी रोटर साधारण अंड्याच्या आकाराच्या पण कमरेत किंचित दबलेल्या पोकळीत फिरतो. त्याच्या तीन टोकांना ॲपेक्स सील, दोन्ही बाजूंच्या सपाट पृष्ठांवर साइड सील आणि कोपऱ्यांत कॉर्नर सील असतात. ॲपेक्स सील पोकळीच्या भिंतीला केवळ एका रेषेत टेकते आणि तिचा टेकण्याचा कोन सतत बदलत असतो. १९६० च्या दशकात माझ्दाच्या केनिची यामामोटो यांच्या चमूसमोर सर्वांत मोठी अडचण हीच होती. सील थरथरून भिंतीवर ओरखडे पाडत असे आणि त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली ती ही अडचण आटोक्यात आणल्यावर. त्याच वर्षी आलेल्या जर्मनीच्या एनएसयू आरओ-८० ला मात्र सुरुवातीच्या काळात बिघडलेल्या इंजिनांनी पुरते जेरीस आणले.

आता मायलेज. रोटरीचा ज्वलनकक्ष लांब आणि पातळ असतो. परातीत ओतलेले दूध पातेल्यातल्या दुधापेक्षा लवकर निवते, त्याचप्रमाणे येथे पेटलेल्या वायूची उष्णता भिंतींना अधिक प्रमाणात जाते आणि ज्योत कडांपर्यंत पोहोचण्याआधीच काही मिश्रण न जळता राहते. प्रत्येक रोटरला दोन प्लग आहेत ते त्यामुळेच. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्टची तोंडे परिघावरून काढून बाजूच्या पृष्ठावर आणली, त्यामुळे आत येणारा आणि बाहेर जाणारा वायू एकमेकांत मिसळणे थांबले आणि धुराचे प्रमाण सुधारले. २००३ मध्ये या इंजिनाला जागतिक पातळीवर वर्षातील सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कारही मिळाला. पण या बदलाची दुसरी बाजू अशी की साइड सील आता तप्त तोंडावरून घासत जातात आणि तेथे काजळी साचते. लोहारगल्ली यांनी उल्लेख केला नाही, पण इंजिन पूर्ण तापल्यावर दिवसातून एकदा तरी आरपीएम वरपर्यंत न्यावे, असे मालक सांगतात त्यामागे हेच कारण आहे. सतत दोन हजार आरपीएमच्या आसपास रेंगाळणारे रोटरी इंजिन काजळीने चिकटते.

'१३०८ सीसीचे इंजिन एवढे पेट्रोल कसे पिते' हा प्रश्न नेहमी येतो. एक्सेंट्रिक शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेरीत प्रत्येक रोटरचा एक स्फोट होतो, तर चार स्ट्रोकच्या पिस्टनचा दोन फेऱ्यांत एक. या हिशेबाने ते श्वास सुमारे २६०० सीसीच्या इंजिनाएवढा घेते. बिलही तेवढ्याचेच येणार.

टेम्सकाठी

वरील सर्व मान्य करून विरुद्ध बाजू मांडतो. मी ही गाडी लंडनमध्ये दोन वर्षे चालवून विकली आणि विकल्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

कंपनीचा अधिकृत आकडा गॅलनमागे साधारण २५ मैल असला, तरी शहरात मला १७ च्या वर कधी मिळाले नाहीत. म्हणजे लिटरमागे सहा किलोमीटर. सुमारे साठ लिटरची टाकी असूनही आपण सतत पंपावर उभे असतो. आणि कृष्णाकाठ, तुम्ही पाहिलेल्या २००७ च्या गाडीचा रस्ता कर पाहिलात का? २३ मार्च २००६ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना, प्रदूषण कितीही अधिक असले, तरी जास्तीत जास्त के हा टप्पा लागतो. त्यानंतर नोंदणी झालेली २३१ मॉडेलची गाडी थेट एम टप्प्यात जाते आणि वर्षाला ७०० पौंडांहून अधिक भरावे लागतात. के टप्प्यात साधारण ४०० च्या घरात सुटका होते. अगदी सारख्या दोन गाड्या, केवळ नोंदणीची तारीख वेगळी, आणि दरवर्षी तीनशे पौंडांचा फरक. विक्रेते ही गोष्ट कधीही आपणहून सांगत नाहीत. लंडनला येण्याचा विचार असेल तर त्या विशिष्ट गाडीचा नंबर यूलेझच्या, म्हणजे लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्राच्या, अधिकृत तपासणीत टाकून पाहावा. मॉडेलवरून अंदाज बांधू नये.

मुलीच्या खुर्चीविषयी: मागची दारे उलट्या दिशेने उघडतात आणि पुढचे दार उघडल्याशिवाय उघडतच नाहीत. मोकळ्या जागेत हे फार सोयीचे आहे, कारण मधला खांब नसल्याने खुर्ची सहज आत जाते. सुपरमार्केटच्या अरुंद पार्किंगमध्ये मात्र दोन दारांच्या मध्ये मुलीला कडेवर घेऊन उभे राहण्याचा प्रसंग रोज येतो.

मुळशीकर

एक अवांतर शंका. अशी जुनी गाडी इंग्लंडमधून भारतात आणता येईल का? तिकडेही स्टीअरिंग उजवीकडेच असते.

टेम्सकाठी

नाही. वापरलेली गाडी भारतात आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी असून चालत नाही. आरएक्स-८ चे उत्पादनच २०१२ मध्ये थांबले, त्यामुळे जकातीचा हिशेब करण्याचीही गरज नाही.

हिरोशिमाकर

मी माझ्दाच्या गावाजवळ राहतो, त्यामुळे येथे आरएक्स-८ भाजी आणायला जाताना दिसते. जपानमध्ये रोटरीचा कर ठरवताना क्षमतेला दीडने गुणतात, म्हणजे १३०८ चे १९६२ होतात आणि गाडी दोन लिटरच्या आतल्या गटात बसते. त्या गटाचा वार्षिक कर ३९,५०० येन आहे. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की तो सुमारे ४५,४०० होतो. शिवाय दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे येथील सक्तीची तपासणी, करावी लागते. एवढे असूनही लोक ती रोज चालवतात, कारण येथे रोटरी ओळखणारे गॅरेज शोधावे लागत नाही. माझे निरीक्षण असे की या गाडीचे भवितव्य मालकापेक्षा जवळच्या मेकॅनिकवर अधिक ठरते. आधी मेकॅनिक शोधा, गाडी नंतर शोधा.

२००८ नंतरच्या सुधारित मॉडेलमध्ये प्रत्येक रोटर हाऊसिंगला (रोटर फिरतो त्या पोकळीच्या कवचाला) ऑइलचे तिसरे नोझल आणि ज्वलनकक्षात ऑइल सोडणारा, विजेवर चालणारा पंप दिला आहे. बजेट जमत असेल तर तिकडे वळावे.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कराच्या तारखेची गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. दोन शंका उरल्या आहेत. पहिली, खरेदीपूर्वी इंजिनाची खात्री नेमकी कशी करावी? येथील एका गॅरेजने 'कॉम्प्रेशन चाचणी करून देतो' असे सांगितले आहे. दुसरी, त्या तीन मैलांचे काय करावे?

लोहारगल्ली

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तुमच्या गावात रेडवे नावाचे सायकलमार्गांचे जाळे सगळीकडे पसरलेले आहे. तीन मैल सायकलने जा आणि गाडी लेस्टरसाठी ठेवा. हे जमणार नसेल, तर ही गाडी घेऊ नका, असेच मी सांगेन.

पहिल्या प्रश्नासाठी त्या गॅरेजला एवढेच विचारा: 'रोटरीचा कॉम्प्रेशन टेस्टर आहे का?' साधा टेस्टर प्लगच्या भोकात लावला की प्रत्येक रोटरचा एकच आकडा येतो, आणि तो तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा असतो. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी तिसरी त्यांना झाकते. रोटरीच्या टेस्टरवर प्रत्येक रोटरचे तीन, असे एकूण सहा आकडे येतात आणि सोबत स्टार्टर किती आरपीएमने फिरत होता तेही येते. माझ्दाच्या मापाप्रमाणे २५० आरपीएमला प्रत्येक आकडा किमान ६.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. नव्या इंजिनाचा ८.५ च्या आसपास असतो. एकाच रोटरच्या बाजूंत दीडहून अधिक आणि दोन रोटरांत एकहून अधिक फरक नसावा. चाचणी इंजिन गरम असतानाच व्हायला हवी.

त्याआधी घरबसल्या करण्यासारखी एक गोष्ट म्हणजे एमओटीचा, म्हणजे येथील सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास पाहणे. नंबर टाकला की दरवर्षीचे मैल आणि शेरे फुकट दिसतात. वर्षाला हजार-दीड हजार मैल चाललेली गाडी 'कमी चाललेली' म्हणून आकर्षक वाटते, पण रोटरीच्या बाबतीत ती छोट्या थंड फेऱ्यांत चाललेली असण्याचीच शक्यता अधिक असते. मागच्या चाकांवरील कमानी, दारांखालचे पट्टे आणि ऑइल कूलरच्या नळ्यांचे सांधे गंजतात. गुडघ्यावर बसून, बोट लावून पाहा. क्लचचे पेडल दाबताना करकर आवाज आला तर त्याच्या ब्रॅकेटची वेल्डिंग सुटत आलेली असते. कूलंट कमी असल्याचा दिवा अनेकदा नुसत्या सेन्सरमुळे लागतो, पण गाडी चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर तेथूनच परत फिरा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला 'थंड ठेवा' असे सांगा, अर्धा तास फिरवून आणा, बंद करा, पाच-दहा मिनिटे गप्पा मारा आणि मग पुन्हा सुरू करा. कॉम्प्रेशन गेलेले इंजिन थंड असताना सुरू होते आणि गरम असताना रडते. पाहायला जाल तेव्हा गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल, तर ते का केले, एवढे विचारायला संकोच करू नका.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

रोटरीचे काम करणाऱ्या एका गॅरेजकडून त्या २००७ च्या गाडीची चाचणी करून घेतली. विक्रेत्याने थोडी कुरकुर केली, पण तयार झाला. गरम झाल्यावर गाडी सुरू व्हायला थोडा वेळ घेते, हे मीही पाहिले. तो म्हणाला की बॅटरी जुनी आहे. अहवाल असा आहे: स्टार्टर २६२ आरपीएम. पुढचा रोटर ७.६, ७.४, ७.५. मागचा रोटर ७.१, ६.३, ६.२. गॅरेजवाल्यांनी फक्त 'मागचा थोडा कमी आहे' एवढेच सांगितले. विक्रेता ४०० पौंड कमी करायला तयार आहे.

अणूरेणू

हे आकडे बरेच काही बोलतात. बॅटरीचे कारण टिकत नाही, कारण २६२ आरपीएम म्हणजे स्टार्टर पुरेशा वेगाने फिरत होता. उलट वेग २५० हून थोडा अधिक असल्याने आकडे आहेत त्यापेक्षा किंचित चांगले दिसत आहेत. २५० ला आणले तर आणखी खाली जातील.

त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंत एक टोक सामाईक असते. ॲपेक्स सील त्या टोकावर बसते, म्हणून ते झिजले किंवा चिकटले की त्याच्या दोन्हीकडच्या बाजूंचे कॉम्प्रेशन एकदम घसरते आणि तिसरी शाबूत राहते. मागच्या रोटरचे चित्र अगदी तसेच आहे. साइड सील गेले असते तर बहुधा एकच बाजू पडली असती. एका रोटरच्या बाजूंमधील फरक ०.९ म्हणजे मर्यादेत आहे, हे विक्रेता दाखवू शकेल. परंतु दोन आकडे किमान मर्यादेच्या खाली आहेत आणि केवळ त्यामुळे इंजिन नापास ठरते. ते काही महिने चालेल, कदाचित वर्षभरही चालेल, पण उतार सुरू झालेला आहे.

टेम्सकाठी

४०० पौंडांची सूट ही थट्टा आहे. इंजिन उघडून पुन्हा बांधायला येथे साधारण तीन ते पाच हजार पौंड लागतात, म्हणजे गाडीच्या किमतीहून अधिक. आणि वर एम टप्प्याचा कर.

लोहारगल्ली

टेम्सकाठी यांच्याशी माझे अनेक बाबतींत पटत नाही, पण येथे ते बरोबर आहेत. मात्र 'इंजिन बांधावे लागणे' ही आपत्ती समजणेही मला मान्य नाही. या गाडीत इंजिन हा टायरसारखा, फक्त फार महाग, झिजणारा भाग आहे असे धरून हिशेब करावा. अमेरिकेत माझ्दाने २००४ ते २००८ च्या गाड्यांसाठी इंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती, यावरून कंपनीचा अनुभव काय होता ते लक्षात यावे. म्हणून दोनच प्रकारच्या गाड्या घेण्यासारख्या असतात: चाचणीत उत्तम उतरलेली, किंवा मेलेल्या इंजिनाच्या भावात मिळणारी. तुम्हाला सांगितलेली किंमत यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही.

टेम्सकाठी

टायर बदलायला तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये ठेवावी लागत नाही. घरात एकच गाडी असलेल्या माणसाने त्या तीन आठवड्यांत लेस्टरला कसे जायचे, हेही त्या हिशेबात धरावे.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

ती गाडी सोडून दिली. सायकल घेतली आहे आणि दोन आठवडे रेडवेने ऑफिसला जात आहे. पावसाचे दोन दिवस वगळता तक्रार नाही. आता ऑक्टोबर २००५ ची एक २३१ समोर आली आहे. कर के टप्प्यातला आहे, एमओटीत गंजाचा शेरा नाही, आणि इंजिन दहा हजार मैलांपूर्वी बांधून घेतल्याचे मालक सांगतात. किंमत आधीच्या गाडीपेक्षा बाराशे पौंडांनी अधिक आहे. कागदांत काय पाहावे?

लोहारगल्ली

'इंजिन बांधले' या दोन शब्दांत फार वेगवेगळी कामे लपतात. बिलावर रोटर हाऊसिंग नवी घातली की जुनीच वापरली, हे लिहिलेले हवे. जुन्या हाऊसिंगच्या आतला क्रोमचा मुलामा प्लगच्या भोकांजवळ आणि कडांना उडालेला असेल, तर त्यावर नवी सील बसवून पैसे वाया जातात. सील, स्प्रिंगा आणि कूलंट सील सर्व नवी होती का, बांधल्यानंतर कॉम्प्रेशनचे सहा आकडे नोंदवून दिले का, आणि त्याच वेळी कॉइल व प्लग बदलले का, हे पाहा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जुनाच असेल तर तो तुंबलेला नाही याची खात्री करून घ्या, कारण आधीचे इंजिन त्यानेच मारले असेल तर नवेही तोच मारील. पहिले हजार मैल चार हजार आरपीएमच्या आत चालवली का, हेही मालकांना विचारा. काळजीपूर्वक चालवणारा माणूस न अडखळता उत्तर देईल.

आणि चाचणी पुन्हा करून घ्या, बिल कितीही सुंदर असले तरी. दहा हजार मैलांनंतर सहाही आकडे साडेसातच्या वर असतील आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर घासाघीस फार करू नका. आकडे येथे टाका, अणूरेणू आणि मी पाहून सांगतो.